५०० डॉलरच्या अनुदानात शेजार कसा जमवायचा? (बर्नबी, कॅनडा)

नवखी_एडमंड्स

नमस्कार मंडळी. आम्ही दीड वर्षापूर्वी नाशिकहून बर्नबीला आलो, एडमंड्स भागात. चार मजली इमारत, आमच्या मजल्यावर नऊ घरं. त्यातल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही. लिफ्टमध्ये भेटलो की पावसाबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि आपापल्या दारात शिरतो. सासूबाई तीन महिने राहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "घर छान आहे गं, पण इथे दार वाजत नाही."

परवा मुलाला घेऊन वाचनालयात गेले होते, तिथे एक पत्रक मिळालं. नेबरहुड स्मॉल ग्रँट्स, ५० ते ५०० डॉलर, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी काहीतरी करायला. संस्था लागत नाही, साधा रहिवासी अर्ज करू शकतो म्हणे. दिवाळीच्या आधी इमारतीत आकाशकंदील करायची एक दुपार ठेवावी असं मनात आहे. जोडीला चिवडा-चकली.

आम्ही अजून नागरिक नाही, पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी आहोत. चालतं का? ५०० डॉलरमध्ये चाळीस माणसांचं भागेल का? आणि आमच्या घरात एक अडचण आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपण दोघं कमावतो, मग दानाचे पैसे कशाला घ्यायचे? त्यावर मला काही सुचलं नाही. कुणी हे अनुदान घेतलं असेल तर सविस्तर सांगाल का?

विरजण

अगं, जरूर अर्ज कर. मी दोनदा केला आहे, बर्नबीतच. लांबलचक लिहिते आहे, कारण पहिल्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

आधी तुझ्या नवऱ्याचं. हा पैसा व्हँकुव्हर फाउंडेशनचा. ती संस्था १९४३ सालची. तिची सुरुवात अ‍ॅलिस मॅके नावाच्या एका सेक्रेटरीने पगारातून साठवलेल्या १००० डॉलरपासून झाली. निराधार बायकांना आधार मिळावा ही तिची इच्छा होती. शेजाऱ्यांसाठीची ही छोटी अनुदानं १९९९ पासून दिली जातात. अर्ज वाचायलाही त्या त्या भागातले रहिवासीच बसतात. म्हणजे तुझा अर्ज कदाचित तीन गल्ल्या पलीकडे राहणारी एखादी बाई वाचेल. आणि हे पैसे तू तुझ्या घरासाठी घेणारच नाहीस, ते तुझ्या हातून नऊ घरांत जाणार आहेत. गावच्या जत्रेचा हिशोब ज्याच्याकडे असतो त्याला कुणी दान घेतलं म्हणत नाही. पहिला अर्ज केला तेव्हा मीही पीआरच होते. मला पत्ता विचारला आणि काय करणार ते विचारलं. कार्यक्रम फुकट हवा आणि सगळ्यांना खुला हवा, यावर मात्र त्यांचा भर असतो.

आता मी या भानगडीत का पडले ते सांगते.

जून २०२१ ची उष्णतेची लाट तू इथे यायच्या आधीची. २९ जूनला आपल्याच प्रांतातल्या लिटन गावात ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. आमच्या जुन्या लाकडी इमारतीत एसी नव्हता. भिंती रात्रीसुद्धा गरम लागायच्या. ओली चादर अंगावर घेऊन मुलांना बाथरूमच्या फरशीवर झोपवलं होतं. पुढच्या वर्षी प्रांताच्या कोरोनर खात्याचा, म्हणजे अचानक झालेल्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या खात्याचा, अहवाल आला. ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं त्या उष्म्याने गेली. ९८ टक्के घरातच गेली. निम्म्याहून अधिक एकटी राहणारी होती, आणि ६७ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली.

त्यात आमच्या खालच्या मजल्यावरचे एक आजोबा होते. रुग्णवाहिका आली तेव्हा उशीर झाला होता. पोलिसाने जिन्यात मला विचारलं, यांचं जवळचं कुणी आहे का? चार वर्षं रोज त्यांच्या दारावरून मी गेले होते. मला त्यांचं आडनावसुद्धा सांगता आलं नाही. माझ्या फ्रीजमध्ये त्या दिवशी बर्फाचे दोन ट्रे भरलेले होते. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या वसंतात अर्ज केला. ५०० मागितले, मिळाले. आणि सगळा पैसा मी विकत घेण्यात घालवला. भाड्याची टेबलं, दोन ट्रे सामोसे, ज्यूस, कागदी ताटल्या. अंगणात चौदा माणसं आली, त्यातली नऊ आपलीच, म्हणजे भारतीय. सगळ्यांनी खाल्लं, आभार मानले, पाऊण तासात पांगले. कुणाला करायला काही कामच नव्हतं! मी यजमान आणि बाकी सगळे पाहुणे. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा पावसाबद्दल तीच दोन वाक्यं.

त्यानंतर एक वर्ष मी विचार करत होते. आमच्या साताऱ्याच्या आळीत कोण कोणाला कसं ओळखायचं? आई मला वाटी देऊन पिटाळायची, "जा, काकूंकडून विरजण घेऊन ये." विरजण लावायला चमचाभर लागतं, पण ते आणायला दाराशी जावं लागतं, आणि काकू "परीक्षा कशी झाली गं?" विचारल्याशिवाय वाटी परत देत नसत. आपण देत सुटलो तर समोरचा अवघडतो. त्याच्याकडे काही मागितलं की तो दार पूर्ण उघडतो.

म्हणून २०२३ ला मी ३५० डॉलरच मागितले. टोमॅटोची रोपं करायची ठरवली. बी, मातीच्या पिशव्या, थोड्या मोठ्या कुंड्या, बांबूच्या काठ्या, एवढंच विकत. रोपं लावायला छोटे डबे मुद्दाम घेतले नाहीत. मार्चमध्ये लिफ्टशेजारी चिठ्ठी लावली: दह्याचे रिकामे डबे हवेत, धुऊन माझ्या दाराशी ठेवा, घर नंबर २०७. दोन आठवड्यांत सत्तरच्या वर डबे जमले. काहींवर लोकांनी आपला घर नंबर लिहिला होता, रोप आपल्यालाच परत मिळावं म्हणून. एका डब्यात बियांची पुडी होती. तळमजल्यावरच्या इराणी आजींनी ठेवलेली, रेहानची, म्हणजे त्यांची तुळस. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, मला फारसी येत नाही. पण 'बाग', 'हवा', 'ताजा', 'दरवाजा' हे शब्द दोघींचे निघाले. त्यांना मी दरवाजा म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की आतून त्यांचा नातू बघायला आला.

इथे टोमॅटो मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर बाहेर लावतात, त्याआधी रात्री गार असतात. सुट्टीनंतरच्या रविवारी अंगणात रोपं मांडली. एकतीस घरं आली. फावडं फिलिपिनो नर्सबाईंचं, पाण्याचा पाइप तळमजल्यावरून, मोडायला आलेलं टेबल तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त सुतारकाकांचं. ते टेबल दुरुस्त करायला त्यांना तिथेच दोन मदतनीस मिळाले. त्या दिवशी मी यजमान नव्हते, फक्त माझा नंबर चिठ्ठीवर होता. ऑगस्टमध्ये माझ्या दाराशी लाल टोमॅटो यायला लागले, कुणी ठेवले ते अजून कळलं नाही. आणि आता उन्हाळ्यात हवामान खात्याचा उष्म्याचा इशारा आला की मजल्यामजल्यावर कोण कोणाचं दार ठोठावणार हे आमचं ठरलेलं आहे. ती यादी सुतारकाकांनी केली.

तुझ्या कंदिलांचं: ५०० भरपूर होतात, उलट थोडे कमीच माग. बांबूच्या काड्या, रंगीत पातळ कागद, दोरा, गोंद, आत ठेवायला बॅटरीचे दिवे. मेणबत्त्या नकोत, इमारतीची परवानगी अडेल. कात्र्या, टेबलं, एक्स्टेन्शनची वायर, मोठं पातेलं हे सगळं शेजाऱ्यांकडून उसनं माग, घरात असलं तरी माग. फराळ कर, पण शेंगदाणे न घातलेला चिवडा वेगळा ठेव आणि ताटासमोर काय काय घातलंय ते ठळक लिही. इथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी खूप मुलांना असते. पूजा ठेवू नकोस असं माझं मत. नोव्हेंबरात लवकर अंधार पडतो, त्या दिवसांत उजेड करायला कुठल्याही धर्माचा माणूस येतो. इमारतीची अ‍ॅमेनिटी रूम, म्हणजे सगळ्यांची सामायिक खोली, हवी असेल तर स्ट्राटाला, म्हणजे इथल्या सोसायटीला, उन्हाळ्यातच लिही. त्यांची बैठक कधी होते ते विचार, आमच्याकडे एका उत्तराला दोन महिने लागले होते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला असतात, नक्की तारीख तुझ्या नेबरहुड हाऊसमध्ये, म्हणजे भागातल्या समाजकेंद्रात, विचार. आणि एकटी नको करूस, तुझ्या मजल्यावरचं एक माणूस सोबत घे.

कसबेकर

विरजणताई, वाचून आमच्या वाड्यातली वर्गणी आठवली. गणपतीला पावती पुस्तक घेऊन घरोघर जायचो. पैसे अकरा रुपये मिळायचे, पण कोणाकडे आजी आजारी आहे, कोणाचा मुलगा दहावीला आहे, सगळं कळायचं.

पुण्यात महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं काम सुचवता येतं. मी स्वतः बाक आणि पदपथाची दुरुस्ती सुचवली होती. बाक झाला, चांगला झाला. पण तो पालिकेने बसवला, आमच्या हातून काही गेलं नाही, आणि त्या बाकासाठी आम्ही शेजारी एकदाही एकत्र बसलो नाही. दोन-पाच हजार रुपये थेट गल्लीच्या हातात देणारी अशी सोय आपल्याकडे हवी. सोसायटी नसलेल्या चाळींना आणि वस्त्यांना तर फारच.

सिअ‍ॅटलवासी

थोडी भर. आमच्याकडे सिअ‍ॅटल शहराचा नेबरहुड मॅचिंग फंड आहे, १९८८ पासून. त्यात शहर जितके पैसे देतं त्याच्या तोडीचं रहिवाशांनी काहीतरी घालायचं असतं. गंमत ही की तिथे श्रमदानही मोजतात. तासाला ठरावीक रक्कम धरून तुमचा घाम तुमच्या वाट्यात जमा होतो. शहराच्या फ्रीमाँट भागात पुलाखाली हातात फोक्सवॅगन बीटल धरलेला मोठा काँक्रीटचा राक्षस आहे, १९९० चा. तो याच निधीतून झाला. आई-बाबा आले की मी त्यांना आधी तिथे नेतो.

@नवखी, अर्जात विकत घेण्याच्या यादीइतकीच 'उसनं आणणार' आणि 'कोण काय करणार' अशी यादी जोडा. वाचणाऱ्याला त्यातून इमारत दिसते.

नवखी_एडमंड्स

सगळ्यांचे मनापासून आभार. विरजणताई, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. आजोबांपर्यंत आल्यावर तो उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, अर्ज माझ्याही नावाने भर.

काल संध्याकाळी समोरच्या ३०४ चं दार वाजवलं. घरात मोठं पातेलं असूनही मागितलं. दार उघडणाऱ्या बाई इथिओपियाच्या आहेत, नाव कळलं, पण इथे लिहीत नाही. पातेलं दिलंच, वर विचारलं, "कशासाठी?" कंदिलांचं सांगितलं तर म्हणाल्या, माझा मुलगा हायस्कूलमध्ये सुतारकामाचा वर्ग घेतो, काड्या कापायला त्याला सांगते. पातेलं आता धुऊन ओट्यावर आहे. रिकामं परत करू नये एवढं आईने शिकवलंय, म्हणून साबुदाण्याची खीर करते आहे. त्यात वेलची चालेल का हे मात्र विचारायचं राहिलं.

विरजण

वेलची घाल. त्यांच्या मसाल्यांतही ती असते. काड्या कशा सोलायच्या ते मला येतं, शनिवारी दुपारी मोकळी आहे. वेळ कळव, मी माझी कात्री घेऊन येते.