मुलांना शिस्त लावताना तुम्ही काय करता? अनुभव सांगा

काल लेकाला धपाटा घातला. वय वर्षं पाच. कारण काय तर बूट. निघायला उशीर झालेला आणि हा दोन्ही बूट हातात घेऊन गाडी गाडी खेळतोय, तीनदा सांगितलं, चौथ्यांदा माझा हातच उठला. रडला नाही, नुसता बघत राहिला, मग गुपचूप बूट घातले ते पण उलट्या पायांत. तेच दिवसभर डोळ्यासमोर. तुमच्याकडे कसं चालतं? उपदेश नकोत प्लीज, घडलेलं लिहा.

---

आम्ही टाइमआउट केलं, म्हणजे चुकलं की थोडा वेळ कोपऱ्यात उभं राहायचं. वयाइतकी मिनिटं असा हिशोब असतो, म्हणजे आमच्या कन्येला चार. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब आधीच कोपऱ्यात चार मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग येऊन भावाचे केस ओढले. शिक्षा अ‍ॅडव्हान्समध्ये भरलेली!

---

मी पट्टी खाल्लेल्या पिढीतला. मार खाल्ला म्हणून सुधारलो असं बरीच वर्षं सांगायचो. खरं म्हणजे वडिलांच्या चपलांचा आवाज लांबून ओळखायला शिकलो, बाकी काही नाही.

---

आमच्याकडे मोबाईल. बंद केला की लेक जमिनीवर लोळण घेणार. मी तीनदा नाही म्हणायचे आणि चौथ्यांदा मीटिंग असली की देऊन टाकायचे. समुपदेशक बाई म्हणाल्या, हेच सगळ्यात वाईट, कधीतरी मिळतं हे कळलं की मूल जास्त चिकाटीने रडतं, लॉटरीसारखं. आणि देणं पूर्ण बंद केलं की आधी रडणं वाढतं, आपण नेमके तिथेच ढेपाळतो. पाचव्या दिवशी पाऊण तास रडली.

---

पाऊण तास?? तुम्ही काय केलंत तेव्हा?

---

शेजारी बसून कपड्यांच्या घड्या. शेवटी शेवटी हुंदके देत तिनेच एक मोजा माझ्या हातात दिला.

---

स्वीडनमध्ये १९७९ पासून घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे, असा कायदा करणारा पहिला देश. माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली होती म्हणे, म्हणजे नाश्त्याला बसलेली पोरंही वाचणार. आमच्याकडे फ्रिजवर चिकटवावं लागेल, माझ्यासाठी.

---

धागा मीच काढला होता. आज गजर पंधरा मिनिटं आधी लावला, बूट परत गाडी झाले तर होऊ देत म्हटलं. झालेच. सॉरी अजून म्हटलेलं नाही त्याला, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.