अ‍ॅपलाचियन ट्रेल: हॉट स्प्रिंग्जला रेशन मिळतं का?

डोंगरवेडा: अमेरिकेतल्या या लांब पायवाटेवर मे महिन्यात डॅवनपोर्ट गॅप खिंडीतून निघून अर्विन गावापर्यंत चालायचंय, मध्ये हॉट स्प्रिंग्ज गाव लागतं, तिथे शाकाहारी माणसाचं भागेल का की आधीच पार्सल पाठवू?

भटकभवानी: अहो ट्रेल गावाच्या मेन रोडवरूनच जाते, फुटपाथवरच खुणा आहेत, वाट वाकडी करायला नको. नूडल्स, पीनट बटर मिळून जाईल. मेतकूट, भाजलेले पोहे हवेत तर पार्सल, पत्त्यात जनरल डिलिव्हरी लिहा (म्हणजे पार्सल पोस्टातच ठेवतात, आपण जाऊन घ्यायचं) आणि आयडी सोबत ठेवा. रविवारी पोस्ट बंद बरं का, मग बसा सोमवारपर्यंत गरम पाण्यात डुंबत :)

साधासुधा: एक राहिलं, सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात गावात पूर आला होता, बरंच नुकसान झालंय, तेव्हा पार्सल टाकायच्या आधी पोस्टात फोन कराच. पुढे अर्विन ११० किमीच्या आसपास, चार-पाच दिवसांचंच घ्या. गाव सोडलं की नदीकाठाने लव्हर्स लीप कड्याचा खडा चढ, आणि नेमकी तेव्हाच सॅक सगळ्यात जड. खोकी गावातच फेका, सगळं झिपलॉकमध्ये.

डोंगरवेडा: ओके, पोहे पार्सलने, बाकी तिथेच. स्टोव्हचा गॅस?

भटकभवानी: तोही फोनवरच विचारून घ्या.