मदत हवी आहे: आईचा मोतीबिंदू, टोरिक लेन्स घ्यावी का? (तातडीचं)

घाईत_आहे
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी, उजवा डोळा. डॉक्टर म्हणतात साधी लेन्स नको, टोरिक टाका, ती डोळ्याचा वाकडेपणाही भरून काढते. २५,००० जास्त. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. खरंच लागते की गळ्यात मारतायत?

नाना
सिलिंडर किती?

टवाळ
आमच्याकडे बुक करून आठ दिवस झाले, अजून आला नाही.

घाईत_आहे
चष्म्यात सिलिंडर, म्हणजे वाकडेपणाचा नंबर, ०.७५ फक्त! म्हणूनच तर शंका आली.

कोकणी_काकू
मल्टिफोकल टाका रे, जवळचं-लांबचं दोन्ही दिसतं. मी दोन्ही डोळ्यांत टाकली, पेपर बिनचष्म्याचा वाचते. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, पण रात्री मी जाते कुठे!

भिंगवाला
काकू, तो प्रश्नच वेगळा. घाईत, चष्म्याचा नंबर बाजूला ठेवा. त्यात कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) आणि आतल्या भिंगाचा, दोघांचा वाकडेपणा मिळून असतो. ऑपरेशनमध्ये भिंग जातं, कॉर्निया राहतो. बायोमेट्रीच्या, म्हणजे डोळ्याच्या मोजमापाच्या, कागदावर के१, के२ बघा, कॉर्नियाच्या दोन दिशांतल्या वक्रतेचे आकडे.

घाईत_आहे
हे आधी कुणी सांगत नाही. थांबा, फाइल काढतो.
के१ ४३.२५ (१८०), के२ ४५.५० (९०).

भिंगवाला
फरक २.२५. आईचं भिंग आजवर यातलं बरंचसं खोडत होतं, म्हणून चष्म्यात ०.७५ दिसला. साधी लेन्स टाकलीत तर चष्म्यात दोनच्या आसपास सिलिंडर येईल. डॉक्टर फसवत नाहीयेत.

सोलापूरकर
माझ्या सासऱ्यांची टोरिक फिरली. पुन्हा टेबलावर घेतलं. साधी टाका, चष्मा लावा, डोक्याला ताप नाही.

भिंगवाला
किती अंश फिरली होती? टोरिक ठरावीक दिशेतच बसावी लागते. दर अंशाला साधारण ३ टक्के परिणाम जातो, ३० अंशांना सगळाच.

सोलापूरकर
अंश कोण मोजतंय! दिसत नव्हतं एवढं माहीत आहे.

भिंगवाला
फिरते ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या दिवसांतच, आणि तेव्हा सरळ करता येते. आडवं झालं की डोळाही जरा फिरतो, म्हणून पेशंटला बसवून डोळ्यावर दिशेच्या खुणा करतात ना, ते विचारा. टोपोग्राफीही, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, झाली असेल तर बरं. कॉर्निया वेडावाकडा असेल तर टोरिकचा भरवसा नाही.

आजीबाईचा_बटवा
आमची आजी डोळ्यांत मध घालायची. नव्वदीपर्यंत सुईत दोरा ओवला.

भिंगवाला
कृपया कुणीही डोळ्यांत मध घालू नका.

नाना
टोरिकनंतर चष्मा पूर्ण जातो का हो?

भिंगवाला
लांबचा बराचसा. वाचायला लागेलच, टोरिक मल्टिफोकल नसेल तर. आणि चष्मा लावायला आईंची हरकत नसेल तर साधी लेन्स टाकणं चूक नाही, सोलापूरकरांचं तेवढं खरं.

घाईत_आहे
आई म्हणते चष्मा नको, भाजी निवडताना घसरतो. टोरिक कळवली. आता डाव्याचे आकडे टाकू का?

नाना
डाव्यातही मोतीबिंदू आहे? हे आत्ता सांगताय?