मॅच नाही झाली: सोपमधले ४५ अर्ज कुठे घालावेत?

पुन्हा_अर्ज

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या (डॉक्टरांच्या शाखेतल्या प्रशिक्षणाच्या) जागावाटपाचा, म्हणजे मॅचचा, सोमवारचा निकाल आला, कुठेच मॅच नाही. आता सोप, म्हणजे उरलेल्या जागा भरण्याची पुढची प्रक्रिया. रिकाम्या जागांची यादी समोर उघडी आहे. मूळ अर्ज इंटर्नल मेडिसिनचे होते. अमेरिकेच्या परवाना परीक्षेत स्टेप टूला २३८, सगळ्या परीक्षा पहिल्या प्रयत्नात, पदवी २०२१ची, ईसीएफएमजी सर्टिफिकेट (परदेशी पदवीधरांना रेसिडेन्सीसाठी लागणारं) हातात, स्टेप थ्री (परवाना परीक्षेचा शेवटचा टप्पा) अजून नाही, व्हिसा लागणार. मुक्काम भारतात.

४५ अर्ज कसे वाटावेत? सर्जरीच्या प्रिलिम (एकाच वर्षाच्या) जागा ढिगाने दिसतात, त्या घ्याव्यात का? आणि ओळखीचे एक प्राध्यापक प्रोग्रॅम डायरेक्टरला फोन करतो म्हणतात, करू द्यावा का?

रात्रपाळी

फोनचं आधी, कारण तिथे हकनाक घात होतो. करू देऊ नका. सोप चालू असताना प्रोग्रॅमने स्वतःहून संपर्क केल्याशिवाय तुम्ही तर नाहीच, तुमच्या वतीने प्राध्यापक, डीन, मामा, काका कुणीही त्यांच्याशी बोलायचं नाही. ईमेल आणि लिंक्डइनवरचा निरोपही त्यातच आला. हा मॅचच्या कराराचा भंग धरला जातो आणि पुढच्या मॅचमधूनही बाद होण्याची वेळ येऊ शकते. एकदा त्यांच्याकडून फोन आला की त्या प्रोग्रॅमशी खुशाल बोला. प्राध्यापकांना म्हणावं, गुरुवारी सोप संपल्यावर फोन करा, तेव्हा त्याला खरी किंमत आहे.

आता अर्ज. यादीत जागा दिसली म्हणजे ती तुमच्यासाठी आहे असं नाही, यादी व्हिसा बघत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासा: जे-१ (प्रशिक्षणासाठीचा व्हिसा) चालतो का, पदवीला किती वर्षं झालेली चालतात, अमेरिकेतल्या क्लिनिकल अनुभवाची अट आहे का. 'फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक' असं लिहिलेलं असेल तर तो अर्ज पाण्यात, आणि पाठवलेला अर्ज परत घेऊन दुसरीकडे लावता येत नाही. एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) विचार सोडून द्या. स्टेप थ्री नसताना तो होत नाही, आणि सप्टेंबर २०२५च्या आदेशानंतर अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर लागतात. तेवढा खर्च सोपमधल्या उमेदवारासाठी कोण करणार?

पहिल्या मिनिटाला अर्ज टाकायची धडपड नको. सोमवारी गेलेले सगळे अर्ज प्रोग्रॅमना मंगळवारी सकाळी ८ वाजताच दिसतात, ईस्टर्न वेळेनुसार. म्हणजे भारतात मंगळवारी संध्याकाळी साडेपाच. तोवरचा वेळ चाळणी लावण्यात घालवा. त्यानंतर पाठवलेला अर्ज मात्र शेकडोंच्या ढिगात तळाला जातो, म्हणून चाळीसेक तरी त्याआधी गेलेच पाहिजेत.

तुमच्या प्रोफाइलला फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन आणि पीडियाट्रिक्सच्या कॅटेगॉरिकल (पूर्ण प्रशिक्षणाच्या) जागा आधी. पर्सनल स्टेटमेंट प्रत्येक शाखेचं वेगळं, आणि एरासमध्ये (अर्ज भरायच्या प्रणालीत) त्याला शाखेच्या नावानेच ठेवा, 'पीएस फायनल २' असं नको. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फॅमिली मेडिसिनच्या अर्जाला इंटर्नल मेडिसिनचं स्टेटमेंट चिकटतं. वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत कळतं आणि अर्ज तिथेच संपतो. पाठवायच्या आधी प्रत्येक प्रोग्रॅमपुढे कोणतं स्टेटमेंट आणि कोणती शिफारसपत्रं लागली आहेत ते एकेक करून बघा. पत्रं जास्तीत जास्त चार लागतात. नवीन पत्र आज मागवून उपयोग नाही, एरासमध्ये ते वेळेत चढणार नाही.

दोन_नंबरची_यादी

प्रिलिमबद्दल रात्रपाळींनी हात आखडता घेतलाय. सर्जरी प्रिलिम म्हणजे एका वर्षाचा करार. ३० जूनला तो संपतो, पुढची जागा मिळाली नाही तर जे-१ही तिथेच संपतो. त्या वर्षात आठवड्याला ८० तासांपर्यंत काम (चार आठवड्यांची सरासरी) आणि त्यातच ऑक्टोबर ते जानेवारी पुढच्या मॅचच्या मुलाखती. ज्याला सर्जरी हवीच आहे त्याच्यासाठी हा रस्ता ठीक. मेडिसिनमध्ये जायचं असेल तर मेडिसिनचं प्रिलिम किंवा ट्रान्झिशनल इयर (अनेक शाखांतलं एका वर्षाचं प्रशिक्षण) बरं, पण ट्रान्झिशनलच्या जागा सोपमध्ये फार उरत नाहीत.

तरी पाच-सहा अर्ज प्रिलिमला ठेवा. मुलाखतीत एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांतले तुमचे प्रिलिम रेसिडेंट पुढे कुठे गेले? गोलगोल उत्तर आलं तर समजून जा. जे-१वर शाखा बदलता येते, पण एकदाच आणि पहिल्या दोन वर्षांत.

रात्रपाळी

प्रिलिमचं मान्य. त्यांनी सहा म्हटलेत, मी तीन म्हणेन.

घड्याळजी

भारतात बसून सोप करणारे घड्याळात फसतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात, मॅचच्या आठवड्याच्या अगदी तोंडावर. हिवाळ्यात ईस्टर्नशी साडेदहा तासांचं अंतर होतं, आता साडेनऊ आहे. जुन्या मुलाखतींच्या हिशोबाने बसलात तर तासभर उशीर.

मंगळवार-बुधवारचे फोन भारतात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत येतात, पश्चिम किनाऱ्यावरून तर सकाळी सहालाही. अर्जात दिलेला नंबर चालू ठेवा, अनोळखी नंबर बंद करणारी सोय काढून टाका, व्हॉइसमेल भरलेला नाही ना बघा, स्पॅम फोल्डर तासातासाला उघडा. कॉल कधी दहा मिनिटांचाच असतो. मॅच का झाली नाही, ही शाखाच का, १ जुलैला हजर होऊ शकाल का, हे तीन ठरलेले प्रश्न. पहिल्याला रडगाणं नको. मुलाखती कमी आल्या किंवा अर्ज उशिरा गेला, जे असेल ते दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला.

ऑफर गुरुवारी, चार फेऱ्यांत. पहिली ईस्टर्न सकाळी ९, म्हणजे भारतात संध्याकाळी साडेसहा. प्रत्येक फेरीत होकार द्यायला दोन तास. नाकारलेली किंवा वेळेत न स्वीकारलेली ऑफर त्या प्रोग्रॅमकडून पुन्हा येत नाही, आणि स्वीकारली की ती बंधनकारक. 'दुसऱ्या फेरीत बरी येईल' म्हणून थांबणं हा जुगार आहे. फोनवर 'तुम्ही आमच्या यादीत वर आहात' असं कुणी म्हटलं तरी ती ऑफर नव्हे. ऑफर फक्त मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी संस्थेच्या प्रणालीतच दिसते.

पुन्हा_अर्ज

सगळ्यांचे आभार. चाळणी सुरू केली आहे. चारही फेऱ्यांत काहीच आलं नाही तर?

दोन_नंबरची_यादी

सोप संपल्यावर उरलेल्या जागांची यादी पुन्हा दिसते आणि थेट संपर्काची बंदी उठते. त्याच रात्री कोऑर्डिनेटरला ईमेल करा. विषयात शाखा, पीजीवाय-१ (म्हणजे रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष), ईसीएफएमजी सर्टिफाइड, जे-१ एवढंच. मजकूर आठ ओळींचा. सीव्ही, गुणपत्रक, सर्टिफिकेट आणि पत्रं एकाच पीडीएफमध्ये; सात जोडपत्रं कुणी उघडत नाही. एकच मेल बीसीसीत पन्नास जणांना पाठवला तर तो कळतो.

नंतरही जून-जुलैपर्यंत जागा सुटतात. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणी पदवीच्या परीक्षेत अडकतं, कुणी राजीनामा देतं. त्या बऱ्याचदा फक्त प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर किंवा शाखेच्या संघटनेच्या पानावर येतात. पीजीवाय-२च्या जागा दिसल्या तर सोडून द्या, त्यांना मान्यताप्राप्त प्रोग्रॅममधलं पहिलं वर्ष लागतं. जे-१साठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं स्टेटमेंट ऑफ नीड (त्या शाखेच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे असं पत्र) लागतं, त्याला काय कागद लागतात ते आत्ताच बघून ठेवा. जूनमध्ये जागा मिळून कागदांपायी गेलेली उदाहरणं आहेत.

स्टेप थ्रीचा अर्जही याच महिन्यात. सर्टिफिकेट आहे, त्यामुळे अडचण नाही. परीक्षा दोन दिवसांची आणि अमेरिकेतच द्यावी लागते, तेव्हा प्रवासाचा व्हिसा धरून तारीख घ्या. आणि पैसे घेऊन 'सीट पक्की' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला ब्लॉक करा. रेसिडेन्सी विकत मिळत नाही.