ब्राह्मी नक्की कोणती? गोल पानाची की बारीक पानाची?

परळची_लेक
मंडळी एक बेसिक प्रश्न आहे, हसू नका. आईला गेले दोन-तीन महिने रात्री अडीचला जाग येते ती येतेच, मग पहाटेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर, नाहीतर सरळ उठून किचनमध्ये डबे घासत बसते (खरंच). बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बाकी रिपोर्ट नॉर्मल. शेजारच्या काकू म्हणाल्या ब्राह्मी दे, डोकं शांत राहतं. म्हणून शनिवारी दादरला नर्सरीवाल्याकडून ८० रुपयांची कुंडी आणली, गोल गोल पानं, कडेला कातरल्यासारखी. घरी येऊन गूगल केलं तर फोटोत भलतंच, बारीक जाडसर पानं आणि पांढरट फुलं. मला गंडवलं का? आणि द्यायची कशी, चटणी की रस की नुसतं तेल लावायचं?

कोकण्या_माटुंगा
गंडवलं नाहीये ताई, दोन्हीला ब्राह्मीच म्हणतात, हा घोळ जुना आहे. तुमच्याकडे आलीय ती मंडूकपर्णी, आमच्याकडे कारिवणा म्हणतात. फोटोतली ती नीरब्राह्मी, बॅकोपा, पाणथळ जागी पसरते आणि पान चावलं की कडूजहर. केरळात ब्राह्मी म्हटलं की ही बारीक पानाची, उत्तरेत बरेच जण गोल पानालाच ब्राह्मी म्हणतात, आणि मुंबईत काय, दोन्हीकडची माणसं, त्यामुळे नर्सरीवाला देईल ती ब्राह्मी. चरकसंहितेत चार मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धीला बळ देणारी औषधं, सांगितलीयत, मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा रस), दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला गोळा), म्हणजे तुमची कुंडी अगदीच वाया गेलेली नाही. (शंखपुष्पीतही हाच गोंधळ, केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात, पण तो विषय काढला तर रात्र जाईल.)
गोल पानं भाजीसारखी खातात. तमिळ लोकांची वल्लारै, बंगाल्यांची थानकुनी ती हीच. आमच्या शेजारच्या मामी तेलावर उडीद डाळ आणि सुकी मिरची तांबूस करतात, त्यावर मूठभर पानं नुसती कोमेजेपर्यंत परततात, मग ओलं खोबरं आणि चिंच घालून वाटतात. भाताबरोबर मस्त लागते. झोप येते का विचाराल तर मला भातानेच येते 😄
एकच सांगतो, गटाराकडेची, रुळांलगतची उपटून आणू नका, असल्या पाण्यातलं नको ते सगळं ही झाडं शोषून घेतात.

गिरगावची_आजी
अगं तेल कर, बाकी सगळं राहू दे. माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात करायच्या. पानं वाटून पिळून रस काढायचा, एक वाटी खोबरेल तेलाला चार वाट्या रस, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं आणि हलवत राहायचं, दोन-तीन तास सहज जातात. झालं की नाही ते असं बघायचं, कापसाची वात तेलात भिजवून पेटवायची, तडतडली म्हणजे पाणी आहे अजून, शांत जळली की उतरव. पाणी राहिलं तर आठवड्यात कुबट वास येतो, माझी एक बाटली अशीच फेकावी लागली. रात्री झोपताना टाळूवर आणि तळपायाला चोळ आईच्या. तेलाने शांत वाटतं की लेकीच्या हाताने, ते मला नको विचारूस.

मुलुंडचा_केमिस्ट
तेल बिनधास्त लावा. पोटात घ्यायचं असेल तर जरा थांबा. बॅकोपाचे जे अभ्यास झालेत ते बहुतेक स्मरणशक्तीवर, झोपेवर फारसे नाहीत, आणि तिथेही साधारण १२ आठवडे घेतल्यावर फरक बघितलाय, म्हणजे आज कॅप्सूल घेतली आणि आज घोरले असं होत नाही. उपाशी पोटी घेतली तर मळमळ, जुलाब होतात. नाडी आधीच मंद असेल, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मंडूकपर्णीच्या गोळ्या काही आठवडे घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, क्वचित, पण आहेत. चटणीपुरतं ठीक.
आणि मुख्य म्हणजे बीपीच्या गोळ्यांत लघवीवाटे पाणी काढणारी आहे का आणि ती संध्याकाळी घेतात का ते बघा. तसं असेल तर अडीचला जाग बाथरूमसाठी येते, त्याला ब्राह्मी काय करणार?

परळची_लेक
दादा अगदी बरोब्बर पकडलंत!! ती गोळी रात्री जेवणानंतरच चालू होती, आज डॉक्टरांना फोन केला, सकाळी घ्यायला सांगितलीय. आजी, तेल रविवारी करते, पण चार वाट्या रसाला एक कुंडी पुरणार नाही, मामींच्या माटुंग्याहून पानांची जुडीच आणावी लागेल. चटणी आईने एक घास खाऊन बाजूला सारली, म्हणाली गवत आहे. आता अडीचला उठली की डब्यांऐवजी कुंडीला पाणी घालते, पार चिखल झालाय, झाड मरेल का?

कोकण्या_माटुंगा
नाही मरत, तिला ओलच लागते. फक्त दुपारच्या कडक उन्हातून हलवा.