मदत हवी आहे: सातवीच्या पोरांनी प्रकल्प स्वतःच्या हातात घेतलाय, मी किती मधे पडू?

नमस्कार मंडळी,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. आजवर आमच्याकडे प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली चित्रं, मोठ्या बहिणीचं अक्षर आणि वर चकचकीत कव्हर. तपासताना मीही कव्हरच बघायचे, खोटं कशाला बोलू.

यंदा ठरवलं, विषय पोरांनीच काढायचा. मला वाटलं झाडं, पाणी, प्लास्टिक असलं काहीतरी येईल. एका पोरानं विचारलं, "बाई, खिचडी रोज उरते, ती किती उरते?" झालं, सगळा वर्ग त्याच्यामागे.

पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट पाडले. एकानं घरून हुकाचा तानकाटा आणला, रद्दीवाल्याकडे असतो तसा. जेवणं झाली की ताटातलं उरलेलं एका स्टीलच्या बादलीत ओतायचं, बादली खिडकीच्या गजाला काटा अडकवून टांगायची, दोघींनी काट्यावरचा आकडा वाचायचा, तिसरीनं वहीत लिहायचा. दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की बादलीचं वजन कुणी वजा करत नाहीये. जीभ चावून गप्प बसले. त्यांचं त्यांना कळू दे म्हटलं.

कळलं नाही. शनिवारी परिपाठात पोरांनी जाहीर केलं: सहा दिवसांत २१ किलो उरलं! वर हिशोबही मांडला. सहावी ते आठवीला माणशी १५० ग्रॅम तांदूळ, ८४ पानं, म्हणजे दिवसाला १२ किलो ६०० ग्रॅम, आठवड्याला साडेपंच्याहत्तर किलो. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त वाया. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले. स्वयंपाकाच्या मावशी तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "आमच्यावर पाळत ठेवायला पोरं बसवली व्हय?"

आता मला विचारायचंय ते असं. चूक दिसत असताना गप्प बसले ते बरोबर की आळशीपणा? दुसरं, एका गटात पाचातल्या दोघीच राबतात, बाकीचे बादली उचलायला पुढे आणि लिहायला मागे. सातवीला आकारिकचे (वर्षभराच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाचे) ४० गुण, त्यातला प्रकल्पाचा वाटा सगळ्यांना सारखा द्यायचा का? आणि मावशींचं काय करू?

पाटीपेन्सिल:
बाई, गप्प बसणं आणि उत्तर सांगणं यांच्या मधे बरीच जागा असते. "रिकामी बादली टांगून बघितली का?" एवढंच विचारायचं होतं, तेही पहिल्याच आठवड्यात, परिपाठाच्या आधी. चूक वहीत असते तोवर पोरांची असते, चारचौघांत गेली की तुमची होते.

आणखी एक घोळ आहे, तो तुमच्याही नजरेतून सुटलाय. पोरांनी शिजलेली खिचडी कोरड्या तांदळाशी ताडून बघितली. तांदूळ शिजताना पाणी पितो, वजन अडीच-तीन पट होतं. हे सांगू नका. एक वाटी तांदूळ आधी आणि शिजवून नंतर तोलायला लावा.

गुणांचं म्हणाल तर आकारिकमध्ये प्रकल्प हे एक साधन, तोंडीकाम वेगळं आहे, दैनंदिन निरीक्षण वेगळं आहे. गटाला प्रकल्पाचे गुण सारखे द्या. पण गटातल्या कुणालाही उभं करून "मंगळवारचा आकडा कमी का?" विचारा. कोण बोलणार हे आधी सांगायचं नाही. मागे राहणारे आपोआप वही वाचायला लागतात.

कट्ट्यावरचा:
पालक म्हणून विचारतो, राग मानू नका. यात अभ्यासक्रम कधी संपणार? आमच्या वेळी नव्हती ही खुळं.

पाटीपेन्सिल:
होती की. कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला होता. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून पोरं हातानं काम करूनच शिकतायत. आणि दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, सरासरी हा सहावी-सातवीचाच अभ्यास आहे ना? बादलीत सगळं आलं.

चुलीजवळ:
मावशींना आरोपीच्या पिंजऱ्यातून काढा आणि गटात घ्या. माझ्या शाळेत पोरांनी मावशींना विचारलं, "कुठल्या दिवशी जास्त उरतं?" त्यांनी काटा न लावता बिनचूक सांगितलं होतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय.

बादलीचा प्रश्न टाकला. आधी शांतता, मग एक पोरगी कपाळावर हात मारून पळत गेली. रिकामी बादली सव्वा किलो. सहा दिवसांचे साडेसात गेले, २१ चे साडेतेरा झाले. मग वाटीभर तांदूळ मावशींनीच शिजवून दिला, अडीच पट भरला. म्हणजे साडेतेरा किलो खिचडी ही साधारण पाच किलो चारशे ग्रॅम तांदळाची. चौथा हिस्सा कुठला, शेकडा सातच्या आसपास आलं. परिपाठात पोरांनी स्वतःच आधीचा आकडा खोडला. वहीतला जुना आकडा मात्र मी पुसू दिला नाही.

मावशींनी आणखी एक सांगितलं जे कुणाच्याच वहीत नव्हतं: बुधवारी जास्त उरतं. बुधवारी गावचा बाजार. पोरांच्या खिशात खाऊचे पैसे असतात, मधल्या सुट्टीआधीच भजी खाऊन होतात. ज्यानं प्रश्न काढला होता तो पोरगा हे ऐकून खाली मान घालून बसला. भजी खाणाऱ्यांत पहिला नंबर त्याचा.

आता बुधवारी तांदूळ कमी घ्यायचा की भजी बंद करायची यावर वर्गात दोन तट पडलेत. मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं चाललंय. मजकुरात 'विनंती' लिहायचं की 'मागणी', यावरून कालचा अख्खा तास गेला. इथे मधे पडू का?