मदत हवी आहे: न्यूमोनियाचा पाचवा दिवस, ताप उतरला पण एक्स-रेवर पॅच तसाच. औषध बदलायचं का?

अर्धविराम
नमस्कार. वडील, वय ६७, मधुमेह १२ वर्षांपासून, सिगारेट सुटून १० वर्षं झाली. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला आहे. दाखल केलेलं नाही, घरीच उपचार चालू आहेत. नोंदी अशा:

पहिला दिवस: ताप १०२.४, श्वास मिनिटाला २६, नाडी ११२, ऑक्सिजन ९३, बीपी ११८/७०, सीआरपी (रक्तातलं सूज-संसर्ग दाखवणारं मोजमाप) १६४, ब्लड युरिया ३८, बोलणं-ओळखणं व्यवस्थित.
आज, पाचवा दिवस: ताप ९८.८ (परवा रात्रीपासून पॅरासिटॅमॉल दिलेलं नाही), श्वास २०, नाडी ८८, ऑक्सिजन ९६, बीपी १२२/७४, सीआरपी ५८. जेवण बऱ्यापैकी जातंय.

औषध: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट ६२५ दिवसातून तीनदा आणि अझिथ्रोमायसिन. पहिले दोन दिवस दुपारची गोळी राहून गेली, म्हणजे तीनऐवजी दोनच गेल्या.

काल घरच्यांच्या आग्रहाने दुसरा एक्स-रे काढला. पॅच आहे तिथेच आहे, उलट कडेने थोडा पसरल्यासारखा वाटतो. खोकला चालू आहे, बेडका पिवळसर-तांबूस. डॉक्टर म्हणतात चालू औषध पुरे. घरचे म्हणतात इंजेक्शन चालू करा, सीटी स्कॅन काढा.

पॅच तसाच राहणं म्हणजे औषध लागू पडत नाही असं समजायचं का? घरी नेमकं काय मोजायचं? गोळ्या किती दिवस? आईला, म्हणजे सतत त्यांच्याजवळ असणाऱ्या माणसाला, काही औषध द्यावं लागतं का?

दुर्बीण
तुमच्या नोंदी इतक्या नीट आहेत की उत्तर त्यांच्यातच आहे. औषध लागू पडलं आहे.

एक्स-रेवर जे पांढरं दिसतं ते जिवंत जंतू नव्हेत. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पाण्याने, पांढऱ्या पेशींनी आणि फायब्रिनच्या (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांच्या) जाळ्याने भरून जातात, त्या भरावाची ती सावली असते. जंतू दोन-तीन दिवसांत मरतात, पण भराव उपसायचं काम शरीरातल्या सफाई पेशी आपल्या चालीने करतात. पूर ओसरला तरी गाळ घरात राहतो, तसं. पहिल्या काही दिवसांत माणूस सुधारत असताना पॅच मोठा दिसणंही नवीन नाही. सावली पूर्ण जायला साधारण सहा आठवडे धरा. वय जास्त असेल, मधुमेह असेल, सिगारेटने फुप्फुस आधीच दमलेलं असेल तर त्याहून जास्त. म्हणून माणूस सुधारत असेल तर पाचव्या दिवशी एक्स-रे काढूच नये. त्यातून घाबरण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

सुधारणा बघायची ती इथे: ताप १०० च्या आत, नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, वरचं बीपी ९० च्या वर, ऑक्सिजन ९० च्या वर, तोंडाने खाणं-पिणं चालू आणि डोकं ठिकाणावर. तुमच्या वडिलांचं यातलं सगळं जुळतं. शिवाय सीआरपी १६४ वरून ५८, म्हणजे निम्म्याहून खाली. चौथ्या-पाचव्या दिवशी तो निम्मा झाला नसता तर मात्र मी काळजी केली असती.

दिवसांचं गणित असं, की किमान पाच दिवस औषध आणि थांबवण्याआधी वरच्या सगळ्या गोष्टी सलग ४८ तास ठीक. परवा रात्रीपासून धरलं तर तुमचे ४८ तास आज रात्री भरतात. पहिल्या दोन दिवसांत डोस चुकले, त्यामुळे डॉक्टर सात दिवसांवर नेतील असं वाटतं. ही चूक त्यांच्या कानावर जरूर घाला, लपवू नका. अमॉक्सिसिलिन रक्तातून झपाट्याने उतरतं, तासाभरात निम्मं होतं. दिवसातला किती वेळ त्याची पातळी जंतूला जड जाण्याइतकी राहते यावर सगळा खेळ असतो. म्हणून दुपारची राहिलेली गोळी रात्री दोन एकदम घेऊन भरून निघत नाही. शक्य तितकं आठ-आठ तासांचं अंतर ठेवा आणि गोळी जेवणाच्या सुरुवातीला द्या, पोटही कमी बिघडतं.

पडवी
दुर्बीण यांच्याशी सहमत, पण एका गोष्टीला मी थांबेन. पॅच "कडेने पसरल्यासारखा" म्हणजे नेमका कुठे? खाली, बरगड्या आणि श्वासपटल जिथे मिळतात तो कोन एक्स-रेवर टोकदार दिसायला हवा. तो बोथट झाला असेल तर फुप्फुसाबाहेर पाणी साठतंय. हे पाणी अनेकदा आपोआप जिरतं. पण त्यात पू झाला तर गोळ्या तिथवर पुरेशा पोहोचत नाहीत, नळी टाकून ते काढावंच लागतं. रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट वाचा, कोनाबद्दल एक ओळ असतेच.

शंका असेल तर छातीची सोनोग्राफी करा, सीटी नाही. थोडं पाणी एक्स-रेत चुकतं, सोनोग्राफीत सापडतं. थर साधारण १० मि.मी.पेक्षा जाड असेल तर सुईने नमुना काढून तपासतात. त्याचा पीएच ७.२ च्या खाली आला तर नळीचा निर्णय होतो.

आणि इंजेक्शनबद्दल. तोंडाने गोळी जाते, उलटी होत नाही, आकडे सुधारताहेत, अशा वेळी शिरेतून औषध देण्याने काही जास्त मिळत नाही. शिरेत सुई राहिल्याने सूज आणि नवा संसर्ग मात्र मिळू शकतो. घरच्यांच्या दबावाखाली लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध परस्पर चालू करू नका. ते क्षयाच्या जंतूवरही अर्धवट काम करतं. न्यूमोनिया समजलेला आजार मुळात क्षय असला तर थोडे दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी करून घ्याच.

अर्धविराम
दोघांचे आभार. रिपोर्टमध्ये "उजवा कोन किंचित बोथट" असं लिहिलंय. उद्या सोनोग्राफी करून घेते. तोवर घरी काय मोजू? ऑक्सिमीटर आहे, बीपीचं यंत्र आहे. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणंही आणलंय, पण त्यांच्याकडून चेंडू वर जातच नाहीत.

नीरव
चेंडू वर जात नाहीत, कारण बहुतेक ते नळीत फुंकत असतील. हे यंत्र फुंकायचं नाही, ओढायचं आहे. ताठ बसायचं, आधी श्वास सोडून द्यायचा, नळी ओठांनी घट्ट धरायची आणि सावकाश आत ओढायचं. पहिला चेंडू वर गेला की तो तीन ते पाच सेकंद वर राहील असं बघायचं. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एक चेंडू टिकवणं कामाचं, कारण हळू आणि खोल श्वासाने फुप्फुसाचा तळ उघडतो. जागेपणी तासाला दहा वेळा. चक्कर आली तर थांबायचं. यंत्र असलं तरी झोपून राहू देऊ नका. खुर्चीत ताठ बसवणं आणि खोलीतल्या खोलीत चालवणं याचा फायदा यंत्रापेक्षा नक्कीच जास्त. झोपवताना डाव्या कुशीवर झोपवून बघा. चांगलं फुप्फुस खाली राहिलं की रक्त तिकडे जास्त जातं आणि ऑक्सिजन एक-दोन अंकांनी सुधारताना दिसतो.

मोजायचं ते सगळ्यात आधी श्वास. ऑक्सिमीटरकडे सगळे बघतात, श्वास कुणी मोजत नाही. बिघाड मात्र तिथेच आधी दिसतो. शरीर भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन टिकवून धरतं, त्यामुळे ९५ दिसत असताना श्वास ३० झालेला असू शकतो. दहा मिनिटं शांत बसू द्या. "श्वास मोजते" असं सांगू नका, सांगितलं की माणूस आपोआप वेगळा श्वास घेतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरा, नजर पोटावर ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. दिवसातून चार वेळा पुरे.

ऑक्सिमीटरचं एक तंत्र आहे. बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, हात टेबलावर स्थिर. आकडा बसायला मिनिटभर द्या. यंत्रावरची नाडी मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर त्या वेळचा ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. त्वचा सावळी असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून काठावरच्या आकड्यावर निवांत राहू नका.

यापैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय: श्वास ३० किंवा वर, ऑक्सिजन ९२ किंवा खाली (वरच्या यादीतला ९० सुधारणा ठरवण्यासाठी, घरून निघायचा आकडा हा; जुना दमेकरी किंवा सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला, रुग्ण असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्यावा), वरचं बीपी ९० च्या खाली, ओठ निळसर, वाक्य एका दमात पूर्ण न होणं, दिवस-वेळ-माणसं यांचा घोळ. म्हाताऱ्या माणसात ताप न चढता फक्त असंबद्ध बोलणं किंवा तोल जाणं एवढंच लक्षण असू शकतं.

जाईजुई
मधुमेहाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. संसर्गात साखर वर राहते, ती दिवसातून तीन-चार वेळा बघा. मधुमेहाच्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येत असेल तर आजच डॉक्टरांना विचारा. खाणं-पिणं कमी असताना या गोळ्यांनी साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. अंगात पाणी कमी पडलं असेल किंवा ऑक्सिजन खाली असेल तर मेटफॉर्मिनबद्दलही तेच. आणि छातीत दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५०, सहा-सहा तासांनी.

युरियाची एक गफलत नेहमी होते तीही सांगते. न्यूमोनियाची तीव्रता ठरवताना जो मोजमापाचा तक्ता वापरतात, त्यात गोंधळलेपण, वाढलेला युरिया, श्वास ३० किंवा वर, कमी बीपी आणि वय ६५ किंवा वर, असा प्रत्येकी एक गुण असतो. काही प्रयोगशाळा ब्लड युरिया देतात, काही युरियातला नायट्रोजन देतात. पहिल्यात मर्यादा साधारण ४२, दुसऱ्यात साधारण २०. तुमचा ब्लड युरिया ३८ आहे, म्हणजे गुण नाही. फक्त वयाचा एक गुण, म्हणून घरी उपचार हा निर्णय पटण्यासारखा आहे. हाच ३८ नायट्रोजनचा असता तर बाजू उलटली असती.

आईंना प्रतिबंधक गोळ्या नकोत. जंतू खोकल्यातून पसरतात, पण ते अंगात गेलेल्या बहुतेकांना फार तर सर्दी-घसा होतो. हात धुणं, खोकताना मास्क, खिडक्या उघड्या, एवढं पुरे.

तिठा
धाग्यात घुसून विचारतो, क्षमस्व. १४ महिन्यांचं बाळ, ताप १०२, श्वास मिनिटाला ४४. हा न्यूमोनिया समजायचा का?

नीरव
मोठ्यांचे आकडे बाळाला लावायचे नाहीत. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा वर, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा वर, एक ते पाच वर्षं ४० किंवा वर, हा जलद श्वास. ४४ त्यात बसतो. पण तापाने आणि रडण्यानेही श्वास वाढतो. ताप उतरल्यावर, बाळ शांत असताना पुन्हा मिनिटभर मोजा आणि तेव्हाही ४० किंवा वर असेल तर आजच दाखवा.

त्याआधी झबलं वर करा आणि बरगड्यांची खालची कड बघा. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याच क्षणी ती खालची कड आत खेचली जात असेल, आणि बाळ शांत असूनही प्रत्येक श्वासाला तसंच होत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच निघा. श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, दूध-पाणी न घेणं, सगळं उलटून पडणं, झटके, हाका मारूनही जागं न होणं, यातलं काहीही दिसलं तरी लगेच. मोठ्यांचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, त्याच्या आकड्यावर जाऊ नका.

तिठा
कड आत जात नाही. ताप ९९.५ वर आल्यावर श्वास ४२. दाखवायला निघालोय.

अर्धविराम
सोनोग्राफी झाली. उजवीकडे ६ मि.मी. पाणी, स्वच्छ, त्यात पडद्यांची जाळी नाही. डॉक्टरांनी सुई घातली नाही, गोळ्या सात दिवस करायला सांगितल्या आणि तीन दिवसांनी पुन्हा बघू म्हणाले. श्वास १८, चेंडू एक वर राहतोय. सीटीचा विषय घरात थांबला. पुढे लसीचं कसं?

पडवी
६ मि.मी. स्वच्छ पाणी म्हणजे थांबून बघणं योग्य. उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा त्या बाजूला श्वास घेताना टोचायला लागलं तर तीन दिवस थांबू नका.

लस पूर्ण बरे झाल्यावर. एकदा न्यूमोनिया झाला म्हणून संरक्षण मिळत नाही, न्यूमोकोकसचे (न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूचे) शंभराच्या आसपास प्रकार आहेत. २० प्रकारांची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस मिळाली तर एक डोस पुरतो. १५ प्रकारांची घेतली तर वर्षभराने २३ प्रकारांची घ्यावी लागते. आधी २३ ची घेतली असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मध्ये वर्षाचं अंतर लागतं. फ्लूची लस दरवर्षी. फ्लू उतरत आला असताना पुन्हा ताप चढणं ही न्यूमोनियाची ठरलेली वाट आहे.

सहाव्या आठवड्याचा एक्स-रे मात्र चुकवू नका. वय ५० च्या वर आणि पूर्वी सिगारेट, अशा माणसात न जाणाऱ्या पॅचमागे कधी कधी श्वासनळी अडवणारी गाठ असते. सीटी काढायचा तर तेव्हा, पॅच उरला असेल तर. खोकला आणि दम सहा आठवड्यांत बराच कमी होईल, थकवा तीन महिनेही रेंगाळू शकतो. जिना चढताना ते मध्येच थांबले तर लगेच घाबरू नका, पण कालच्यापेक्षा आज दोन पायऱ्या आधी थांबले तर श्वास मोजा.